मेगाहर्ट्झ आणि मेहुणे

माझं आणि माझ्या मेहुण्यांचं भांडण आयुष्यात एकदाच झालं. ते १९९८ च्या दिवाळीत सुरू झालं आणि २०२१ च्या पावसाळ्यापर्यंत चाललं. मधल्या काळात दोन्ही घरांत मिळून तीन लग्नं झाली, चार बारशी झाली, आम्हा दोघांचे मोतीबिंदू निघाले. पण आम्ही एका पंक्तीला बसलो आणि तो विषय निघाला नाही, असं कधी घडलं नाही. इस्टेटीवरून भांडणारे मेहुणे मी पाहिले आहेत. मानपानावरून भांडणारे तर मोजता यायचे नाहीत. आमचं भांडण असं क्षुद्र नव्हतं. आम्ही तत्त्वासाठी भांडत होतो. कोणता कॉम्प्युटर चांगला, हे ते तत्त्व.

मी त्या वर्षी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून लॅमिंग्टन रोडवरून एक जुळवलेला कॉम्प्युटर आणला होता. आत पेंटियम टू, वेग ३०० मेगाहर्ट्झ. मेहुणे जाहिरातीच्या धंद्यातले. त्या धंद्यात ॲपलचं मॅकिंटॉश वापरणं हे जानवं घालण्याइतकं आवश्यक मानलं जाई. त्यांच्या घरी पॉवर मॅक जी-थ्री आला होता. त्याचा वेग २६६. मी आकडे ऐकले आणि फराळाचं ताट खाली ठेवून म्हणालो, "दादा, तुमचे चौतीस कमी पडले!"

सौ.चे हे थोरले बंधू एरवी शांत. पण त्या दिवशी त्यांच्या घशात चिरोटा अडकला.

"जावईबापू," ते म्हणाले, "मेगाहर्ट्झ म्हणजे काय, ठाऊक आहे का? सेकंदाला दहा लाख टिकटिक. तुमच्या यंत्राची टिकटिक जास्त आहे, काम जास्त आहे असं कोण म्हणतं? बापाचं बोट धरून चालणारं पोर बापापेक्षा दुप्पट पावलं टाकतं. म्हणून ते आधी पोचतं का?"

आता हे खरं आहे. प्रोसेसरच्या एका टिकटिकीत किती काम उरकतं, हे ज्याच्या त्याच्या घडणीवर असतं. नुसती पावलं मोजायची, तर वामन अगदीच मंद ठरेल. त्याने तीनच टाकली. पण खरं असलं म्हणून ते मेहुण्यांच्या तोंडून मान्य करायचं, असा काही नियम नाही. मी म्हणालो, "पाऊल मोठं असेल, तर तुमच्या त्या वामनाला आमच्याकडचा एकही गेम का चालत नाही?" झालं. चहा निवला.

या सगळ्या काळात आमचे सासरे, म्हणजे अण्णा, कोपऱ्यात माझ्याच कॉम्प्युटरसमोर बसून एका बोटाने टाइप करत होते. अण्णांनी सातारा जिल्ह्यातल्या शाळांत चौतीस वर्षं मास्तरकी केली होती. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये अशा मताचा हा माणूस. पण मुलीच्या घरच्या कॉम्प्युटरबद्दल शास्त्रात काही सांगितलेलं नाही, असं म्हणून महिना-महिना आमच्याकडे राहू लागला. मी मराठीचं एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. प्रिंटरच्या भोकात कुलपासारखी एक डबी खोवल्याशिवाय ते चालत नसे. डबी एकच, म्हणून अण्णा आमच्याकडे. ते आठवणी लिहीत होते. "काहीतरी लिहितायत," असं आम्ही दोघंही पाहुण्यांना कौतुकाने सांगत असू आणि पुन्हा भांडायला बसत असू.

भांडणाला पुढे साऱ्या जगाने रसद पुरवली. त्याच वर्षी ॲपलने अमेरिकेत टीव्हीवर एक जाहिरात केली होती. तीत पेंटियम टूची चिप पाठीवर घेऊन एक गोगलगाय चालते. मेहुण्यांनी तिची कॅसेट मिळवून मला तीनदा दाखवली. मग मार्च २००० मध्ये शर्यत लागली. एक हजार मेगाहर्ट्झ, म्हणजे एक गिगाहर्ट्झ, आधी कोण गाठतो? एएमडीने ६ तारखेला गाठल्याचं जाहीर केलं, इंटेलने ८ तारखेला. दोन दिवसांच्या त्या फरकावरून माझ्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दोन तट पडले. त्यांतल्या एकाचंही काम मिनिटाला चाळीस शब्दांच्या पुढे जात नव्हतं.

उंबेर्तो इको नावाच्या इटालियन लेखकाने १९९४ सालीच लिहून ठेवलं होतं, की मॅकिंटॉश हे कॅथलिक आहे आणि डॉस हे प्रॉटेस्टंट. एक भक्ताला हाताला धरून मोक्षापर्यंत नेतं, दुसरं म्हणतं, तुझं तू वाच आणि तुझं तू ठरव. आपल्याकडे त्याला शैव आणि वैष्णव म्हणता आलं असतं. पण एक गंमत आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये बॉस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्ज यांनी सांगितलं, की मायक्रोसॉफ्ट ॲपलमध्ये पंधरा कोटी डॉलर गुंतवणार आहे, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर बिल गेट्स प्रकट झाले. सभागृहातल्या भक्तांनी हुर्यो केली. देवांचं आपसात कधीच जमलं होतं. भांडत होते ते बडवे.

मी विचार करू लागलो, की शहाणीसुरती माणसं हे का करतात? मला इंटेलने कमिशन दिलं नव्हतं. मेहुण्यांना ॲपलने दिवाळीला साधं भेटकार्ड पाठवलं नव्हतं. माझी समजूत अशी आहे, की माणूस वस्तू निवडतो तेव्हा थोडा वेळ न्यायाधीश असतो आणि पैसे मोजले की त्याच क्षणी त्या वस्तूचा वकील होतो. लग्न जमेपर्यंत दहा स्थळांतली खोट दिसते. अक्षता पडल्यावर सासरवाडीसारखी सासरवाडी नाही. 'दुसरं यंत्र बरं होतं' हे कबूल करायचं, म्हणजे 'मी चुकलो' हे कबूल करायचं. आणि तेही फंडाचे हप्ते चालू असताना!

पण याहून खोल एक कारण आहे. वेग मोजता येतो. ३०० आणि २६६ यांत वजाबाकी होते. जे मोजता येतं, त्यावर भांडता येतं. आणि जे मोजता येत नाही, त्यावर मनुष्य गप्प बसतो. 'तू या यंत्रावर करतोस काय?' हा प्रश्न तेवीस वर्षांत आम्ही एकमेकांना एकदाही विचारला नाही. त्याला आकड्यात उत्तर नव्हतं.

बरं, या वेगाने तरी काय पदरात पडलं? निक्लाउस विर्थ नावाच्या स्विस संगणकतज्ज्ञाने १९९५ साली गाऱ्हाणं मांडलं होतं, की यंत्रं जितक्या लवकर वेगवान होतात त्याहून लवकर त्यांवरचे प्रोग्राम मंद होत जातात. सरकारी नोकराला हे समजावून सांगायला स्विस तज्ज्ञ नको. महागाई भत्ता वाढला की भाजीवाल्याला आधी कळतं. १९८१ सालच्या आयबीएम पीसीत ४.७७ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर होता आणि त्यात सुमारे २९ हजार ट्रान्झिस्टर होते. मेहुण्यांनी २०२१ साली घेतलेल्या ॲपलच्या एम-वन चिपमध्ये १६ अब्ज आहेत. तरीही सकाळी दोन्ही यंत्रांसमोर माणूस सारखाच बसतो. हनुवटीला हात लावून, ते सुरू व्हायची वाट बघत.

मध्यंतरी आमची दोघांचीही तत्त्वं यथेच्छ तुडवली गेली. गिगाहर्ट्झ वाढवत वाढवत इंटेल ३.८ पर्यंत गेली आणि चिप तव्यासारखी तापू लागल्यावर २००४ साली चारचा बेत सोडून दिला. म्हणजे पावलं मोजण्यात अर्थ नाही, हे मेहुण्यांचं म्हणणं माझ्याच पक्षाने मान्य केलं. मी आठ दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. पण देव न्यायी आहे. जून २००५ मध्ये ॲपलने जाहीर केलं, की यापुढे मॅकिंटॉशच्या आत इंटेलचाच प्रोसेसर बसेल, आणि जानेवारी २००६ मध्ये तो बसलाही. मी पेढे घेऊन गेलो. मेहुण्यांनी पेढा खाल्ला आणि म्हणाले, "गोगलगाईत सुधारणा झाली असेल." पुढे २०२० साली ॲपलने इंटेलला निरोप द्यायला सुरुवात केली, तेव्हा पेढे तिकडून आले. पक्ष बदलला तरी कार्यकर्ता बदलत नाही. खरं तर पक्ष बदलतो तेव्हाच तो अधिक मोठ्याने ओरडतो.

अण्णा २००३ साली गेले. आठवणींची छापील प्रत त्यांनी स्वतः शिवून सौ.च्या कपाटात ठेवली होती. 'वाचू एकदा निवांत' असं आम्ही सगळेच म्हणालो होतो. २०२१ च्या पावसाळ्यात कपाटाच्या पाठीला वाळवी लागलेली सापडली. चाळीस पानं बचावली. पुढची सोळा तिने आमच्याआधी वाचून संपवली होती.

"काळजी कशाला? फाइल आहे ना!" मी म्हणालो. फ्लॉपीवरून सीडीवर आणि सीडीवरून पेन ड्राइव्हवर ती इमानाने फिरत आली होती. मेहुणे आपलं नवं यंत्र घेऊन आले. माझंही नवं होतं. दोन्ही वेगवान. दोघांनी एकदम फाइल उघडली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दोन्ही पडद्यांवर छप्पन पानं उभी राहिली. एकाही यंत्रावर एकही अक्षर वाचता येत नव्हतं. रोमन अक्षरं, त्यांच्या डोक्यावर टोप्या, बुडाशी टिंबं, मध्येच एखादं पौंडाचं चिन्ह.

त्या काळातले मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागा बळकावून बसत. तोच फॉन्ट असेल तर मराठी. नसेल तर खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून हक्काची जागा होती, पण विंडोजच्या घरी ती राहायला आली २००० साली. अण्णांचं लिहून झालं होतं त्याच्या आधी. आमचा फॉन्ट जुन्या यंत्राबरोबर भंगारात गेला होता. सॉफ्टवेअरची डबी सापडली, पण ती खोवायला नव्या यंत्रांना भोकच नव्हतं. नातवाने दोन-तीन कन्व्हर्टर लावून पाहिले. त्यांना आमचा फॉन्ट ओळखीचा नव्हता. त्यांतून जे मराठी निघालं ते वाळवीनेच लिहिल्यासारखं होतं.

शेवटी आम्ही दोघं म्हातारे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर पेन्सिल घेऊन बसलो. पहिली चाळीस पानं कागदावर होती आणि पडद्यावरही होती. दोन्ही शेजारी ठेवून कोणती टोपी म्हणजे कोणतं अक्षर, याची बाराखडी लिहू लागलो. काना पहिल्यांदा सापडला, कारण तोच सगळीकडे असतो. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि रफार नंतर, हे कळायला तीन दिवस गेले. मग पुढची सोळा पानं. संध्याकाळी एक पान व्हायचं. जोडाक्षरं जास्त असली की अर्धंच. दादा वाचत, मी लिहीत असे. त्या महिन्यात कोणाच्या यंत्राचा वेग किती, हा विषय निघाला नाही. दोघांचाही ताशी वीस-पंचवीस ओळी होता.

त्या पानांत ११ डिसेंबर १९६७ ची पहाट होती. कोयनेचा भूकंप. पाटण तालुक्यातल्या शाळेची भिंत, थंडीत अंगणात बसून राहिलेलं सबंध गाव, आणि पुढे महिनाभर आंब्याच्या झाडाखाली भरवलेले वर्ग. दादा त्या वेळी दहा वर्षांचे होते. "मला अण्णांनी पाठुंगळीला घेतलं होतं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. त्या दिवशी अर्धं पानसुद्धा झालं नाही.

शेवटच्या पानावर भूकंप संपला होता. तिथे लिहिलं होतं: 'मी हे लिहीत असताना मागे माझा मुलगा आणि माझे जावई कोणाचे यंत्र अधिक जलद, यावरून वाद घालीत आहेत. दोघेही हुशार आहेत. मी काय लिहितो आहे, हे अजून दोघांपैकी कोणी विचारलेले नाही. विचारतील. घाई नाही.'

आम्हाला हा परिच्छेद सोडवायला पाऊण तास लागला. एकेक अक्षर करत वाचलं की सुटका नसते. 'विचारतील' हा शब्द लागल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. दादा म्हणाले, "वेलांटी दीर्घ आहे का बघा." मी बघितली. बरोबर होती. मास्तरांची वेलांटी चुकायची नाही.

अण्णांचं पुस्तक आम्ही युनिकोडमध्ये पुन्हा टाइप केलं आणि जाड कागदावर छापून प्रत्येक घरात एकेक प्रत दिली. यंत्रांवर माझा राग नाही. वेग वाईट नसतो. दवाखान्यात पोचायचं असेल तेव्हा मलाही हवाच असतो. पण तो कुठे पोचण्यासाठी हवा, हे यंत्र सांगत नाही आणि जाहिरातही सांगत नाही.

हल्ली दादा स्वतः लिहायला बसले आहेत. मी दर रविवारी फोन करून विचारतो, "काय लिहिलंत?" ते वाचून दाखवतात. त्यांनी परवा आणखी नवं यंत्र घेतलं म्हणे. त्याचा वेग किती, मला ठाऊक नाही. म्हणजे ठाऊक आहे, सौ.कडून काढून घेतला. पण विचारत नाही.