कार्यभार

सरकारी कागदपत्रांत 'अधिकार' आणि 'कार्यभार' हे दोन शब्द बहुधा जोडीने येतात, आणि नित्याच्या वापराने त्यांच्यातील अंतर आपल्या ध्यानातून निघून जाते. अधिकार मिळतो; कार्यभार घ्यावा लागतो, आणि पुढे कोणाच्या तरी स्वाधीन करावा लागतो. बदलीच्या नोकरीत निम्मे आयुष्य काढणाऱ्या आपणां सर्वांना कार्यभार देण्याघेण्याचा तो छापील नमुना पाठ झालेला आहे. त्यामागे दडलेल्या नैतिक प्रश्नाचा विचार मात्र क्वचितच होतो. जो मनुष्य केवळ काही काळापुरता, दुसऱ्याच्या हाती सोपवण्यासाठीच एखादे पद स्वीकारतो, त्याचे कर्तव्य कोठवर जाते? खुर्ची सांभाळली म्हणजे ते संपले, की खुर्चीवर असेतोवर जे जे घडले त्या सर्वांचा जाब त्याने द्यावयाचा?

या प्रश्नाचा विचार करताना आमच्यापुढे एका दूरच्या देशातील न्यायाधीश स्त्रीचे चरित्र येते. कॅरिबियन समुद्रातील हैती हा देश. 1804 मध्ये गुलामांनी बंड करून तो स्वतंत्र केला. परंतु पुढे 1957 पासून 1986 पर्यंत ड्युवालिए पितापुत्रांची हुकूमशाही त्याच्या मानेवर बसली. एर्ता पास्काल-त्रुयो यांचा जन्म 1943 मध्ये राजधानीलगतच्या पेत्योंव्हिल येथे झाला. वडील लोहकाम करीत, आई शिवणकाम करी. मोठ्या कुटुंबातील ही मुलगी शिकली, वकील झाली, न्यायाधीश झाली, आणि हैतीच्या सर्वोच्च न्यायालयात बसणारी पहिली स्त्री ठरली. हैतीतील स्त्रीचे कायद्यातील स्थान हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तेथील विवाहित स्त्रीला पूर्ण कायदेशीर व्यक्तित्व मिळाले ते 1982 च्या हुकुमाने. तोवर ती कायद्याच्या दृष्टीने जवळजवळ अज्ञानच होती. ज्या कायद्याने आपल्याला पुरते माणूस मानले नाही, त्याच कायद्याच्या आधारे न्याय देण्याचे काम त्यांनी पत्करले होते, हे विसरून चालणार नाही.

मार्च 1990 मध्ये लष्करी सत्ताधीश प्रोस्पेर आव्रिल यांना लोकक्षोभापुढे पद सोडावे लागले. 1987 च्या हैतीच्या संविधानात अशा प्रसंगाची तरतूद होती : राष्ट्राध्यक्षपद रिकामे झाल्यास सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने ते तात्पुरते सांभाळावे, निवडणूक घ्यावी, आणि स्वतः मात्र त्या निवडणुकीस उभे राहू नये. राजकीय पक्ष व संघटना यांच्या वाटाघाटींतून पास्काल-त्रुयो यांचे नाव पुढे आले, आणि 13 मार्च 1990 रोजी त्यांनी शपथ घेतली. हैतीच्या राष्ट्राध्यक्षपदी बसलेली ती पहिली स्त्री. परंतु लष्कर त्यांच्या आज्ञेत नव्हते, खजिना रिता होता, आणि सल्ल्यासाठी नेमलेल्या राज्यपरिषदेशी त्यांचे लवकरच बिनसले.

मराठी माणसापुढे न्यायाधीश म्हटला की रामशास्त्री प्रभुणे उभे राहतात. नारायणराव पेशव्यांच्या 1773 मधील खुनाचा दोष राघोबादादांवर ठेवून पुणे सोडून जाणारे रामशास्त्री ही आपल्या मनातील न्यायनिष्ठेची मूर्ती होय, आणि तिचा गाभा त्यागात आहे. जेथे न्याय चालत नाही तेथे न्यायाधीशाने राहू नये, हा तिचा उपदेश. मग ज्या राज्यात हुकूम बंदुकीचा चालतो त्या राज्याचे प्रमुखपद एका न्यायाधीशाने स्वीकारावे, हे याच्या अगदी उलट नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. पद सोडण्याला तेज येते ते मागे राज्य सावरणारे कोणी उरले असेल तेव्हा. पुण्यास बारभाई उभे राहिले. हैतीत न्यायाधीशाने नकार दिला असता तर खुर्ची रिकामी राहिली नसती. तिच्यावर आणखी एक सेनापती बसला असता. काही स्थळी त्याग हे धर्माचे रूप असते, काही स्थळी ते केवळ हात स्वच्छ राखण्याचे साधन होते.

तथापि हात घालणाऱ्याचे हात मळतात, हेही खरे. जुलै 1990 मध्ये ड्युवालिए राजवटीचा माजी गृहमंत्री रोजे लाफोंताँ परदेशातून परत आला. 'तोंतों माकूत' या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या शस्त्रधारी टोळ्यांचा तो म्होरक्या. त्याच्यावर अटकेचे वॉरंट निघाले, पण ते बजावण्यास कोणी पुढे झाले नाही, आणि तो राजधानीत उजळ माथ्याने वावरू लागला. राज्यपरिषदेचा आक्षेप होता की, ज्यांना याला अटक करवत नाही त्यांनी पायउतार व्हावे. संविधानाने निवडणुकीसाठी जास्तीत जास्त 90 दिवसांची मुदत दिली होती. प्रत्यक्षात नऊ महिने लागले. हे आक्षेप खोटे नव्हते, आणि पास्काल-त्रुयो यांच्या चाहत्यांनी ते झाकूनही ठेवू नयेत. ज्याच्या सहीचे वॉरंट धूळ खात पडते, त्याला 'माझे काम फक्त निवडणुकीचे' एवढे सांगून मोकळे होता येत नाही.

परंतु त्यांचे मुख्य काम पार पडले. नोव्हेंबर 1987 मध्ये मतदारांवरच गोळ्या झाडून निवडणूक उधळण्यात आली होती. 16 डिसेंबर 1990 रोजी मात्र संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांसमक्ष मतदान झाले, आणि सुमारे 67 टक्के मते मिळवून जाँ-बेर्त्राँ आरिस्तीद हा गरिबांचा कैवारी पाद्री निवडून आला.

न झालेल्या अटकेची किंमत त्यानंतर वसूल झाली. 6 जानेवारी 1991 च्या रात्री लाफोंताँने पास्काल-त्रुयो यांना पकडून राष्ट्रीय प्रासादात नेले आणि दूरचित्रवाणीवरून राजीनामा जाहीर करावयास लावले. काही तासांतच लष्कराने प्रासाद ताब्यात घेऊन त्याला अटक केली. बंदुकीच्या धाकाने वदवलेला राजीनामा हा राजीनामाच नव्हे, हे सांगावयास कायदेपंडित नको. आम्हांला अधिक अर्थपूर्ण वाटते ते हे, की लाफोंताँला तो राजीनामा हवासा वाटला. शस्त्रे त्याच्याजवळ होती, माणसे होती, प्रासादही हाती आला होता. तरी त्या निःशस्त्र बाईने ते पद आपल्या तोंडाने सोडल्याखेरीज त्याला चैन पडेना. अधिकार बळाने हिसकता येतो. कार्यभार मात्र ज्याच्याकडे असतो त्यानेच द्यावा लागतो, हे त्या दांडग्यालाही कळत होते. दुबळ्या पदाचे बळ म्हणतात ते हेच असावे.

7 फेब्रुवारी 1991 रोजी त्यांनी तो कार्यभार योग्य माणसाच्या हाती दिला. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, त्याच नव्या राजवटीने त्यांना लाफोंताँच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून अटक केली. आरोप सिद्ध झाला नाही व त्यांची सुटका झाली. कार्यभाराच्या नमुन्यात आभाराचा रकाना नसतो, हे आपणां नोकरदारांस ठाऊक आहेच. येथे तर संशयाचा रकाना भरला गेला.

आरिस्तीद यांनाही 30 सप्टेंबर 1991 रोजी लष्कराने हुसकून लावले. मग या साऱ्या खटाटोपाचे फळ काय, असे कोणी विचारील. ऑक्टोबर 1994 मध्ये आरिस्तीद मायदेशी परतले ते डिसेंबर 1990 च्या त्याच निवडणुकीच्या हक्काने. 7 फेब्रुवारी 1996 रोजी त्यांनी रने प्रेव्हाल या निवडून आलेल्या उत्तराधिकाऱ्याकडे सत्ता दिली. निवडलेल्या अध्यक्षाने निवडलेल्याच अध्यक्षाकडे ती सोपवण्याचा हैतीच्या इतिहासातील हा पहिला प्रसंग. पुढे त्या देशाची घडी नीट बसली असे नव्हे. परंतु तात्पुरत्या अधिकाऱ्याचे कर्तव्य कोठवर जाते, या प्रश्नाचे आमच्यापुरते उत्तर येथे सापडते. आपल्या कारकीर्दीत जे टाळता आले नाही त्याची नोंद त्याच्या नावावर राहावी, ती पुसू नये. मात्र त्याचे मूल्यमापन करताना पहिला प्रश्न हा विचारावा, की जे सोपवण्यासाठी त्याने पद घेतले होते, ते त्याने ठरल्या हाती अखंड सोपवले की नाही. पास्काल-त्रुयो यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे.