दुष्काळानंतरचं पत्र

१२ मार्च १९४४ रोजी होमी भाभांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना पत्र लिहिलं. मूलभूत भौतिकशास्त्राची संस्था काढायला पैसे हवे होते. ट्रस्टनं दिले आणि १९४५मध्ये टीआयएफआर सुरू झाली. इंजिनिअरिंगला असताना ही गोष्ट अभिमानाने ऐकली होती. तारखेकडे लक्ष गेलं ते अलीकडे. बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, त्याला तेव्हा वर्षही उलटलं नव्हतं. साथींनी तर माणसं अजून मरतच होती.

मग हे दान योग्य होतं का?

भाभांचं पत्रातलं उत्तर उपयोगाचं होतं: पुढे अणुऊर्जा येईल तेव्हा तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत. मला ते अपुरं वाटतं. सैद्धांतिक भौतिकीतल्या बऱ्याच कामातून हाती वापरण्याजोगं काहीच लागत नाही. त्याच ट्रस्टने १९४१मध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभारलं होतं, हा बचावही लंगडा आहे. एक रुपया दोनदा खर्च होत नाही.

तरी मला ते दान पटतं. दुष्काळ दात्यांच्या कंजुषीमुळे पडला नव्हता. माणसं जगवण्याची जबाबदारी सरकारची होती आणि ते त्यात नापास झालं. उलट ज्या प्रश्नांना गिऱ्हाईक नाही, त्यांना बाजार विचारत नाही. तिथे खासगी पैसा शोभतो.

पण प्रश्न निवडणार कोण? २०१२मध्ये युरी मिल्नर यांनी नऊ भौतिकशास्त्रज्ञांना प्रत्येकी ३० लाख डॉलर दिले. त्यांत अलाहाबादचे अशोक सेनही होते. माणसं निःसंशय मोठी, पण ती पहिली निवड मिल्नर यांनी स्वतः केली होती. एका श्रीमंताची आवड अशी विषयाची दिशा ठरवू शकते. टीआयएफआरमध्ये मात्र मुंबई सरकार सुरुवातीलाच सामील झालं आणि पुढे बहुतेक भार केंद्राने उचलला. दान दात्याच्या हातातून सुटलं. चांगल्या दानाची खूण मला हीच वाटते.

अर्थात, हातातून सुटलं म्हणजे ते आपल्या करातून चालू लागलं. उपाशी माणसाच्या खरेदीवरच्या कराच्या पैशातूनही. म्हणजे १९४४चा प्रश्न मिटला नाही, आपल्याकडे आला.

दरवर्षी मी एका वसतिगृहाच्या जेवणासाठी थोडे पैसे देतो. यंदा त्यातले निम्मे मूलभूत संशोधनाला दिले. आईने विचारलं, “त्यातून काय होणार?”

मी म्हणालो, “माहीत नाही.”

भाभांनी पत्रात एवढंच लिहिलं असतं, तर ट्रस्टने पैसे दिले असते का?