कोर्ट कोणते?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण चढावीच लागली तर ती कोणत्या कोर्टाची, हा विचार आपल्या मनात येत नाही. मोठ्या कंपन्यांचे वकील मात्र सुरुवातच तिथून करतात. कारण कोर्ट ठरले की भरपाईची पातळी, कागद मिळण्याची शक्यता आणि लागणारी वर्षे, बरेचसे तिथेच ठरून जाते.

भोपाळचे उदाहरण घ्या. डिसेंबर १९८४ मधील वायुगळतीनंतर अमेरिकेत युनियन कार्बाइडवर दाखल झालेले सुमारे १४५ दावे न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात न्यायाधीश जॉन कीनन यांच्यापुढे एकत्र आले. १९८५ मध्ये कायदा करून पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे घेतला आणि तेही न्यूयॉर्कलाच गेले. आमची कोर्टे एवढा दावा पेलू शकणार नाहीत, असे आपल्याच सरकारने परक्या न्यायाधीशाला सांगितले. भारतीय न्यायव्यवस्था समर्थ आहे, असे प्रतिज्ञापत्र कंपनीच्या बाजूने दिले ते मुंबईचे कायदेपंडित नानी पालखीवाला यांनी.

पालखीवालांच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. तरीही सरकारचे म्हणणे मला अधिक प्रामाणिक वाटते. ते लाजिरवाणे होते, पण खरे होते. वर्षानुवर्षे तुंबलेल्या कोर्टात विधवेला आणि खोकणाऱ्या मजुराला पाठवायचे, तर देशाचा स्वाभिमान त्यांच्या काय कामाचा?

१२ मे १९८६ रोजी कीनन यांनी दावे भारताकडे पाठवले. कारखाना, साक्षीदार, पीडित सारे तिकडेच आहेत. शिवाय हा खटला अमेरिकेने स्वतःकडे ठेवणे म्हणजे साम्राज्यवादच, असे त्यांचे म्हणणे. ते अर्धेच पटते. कारखाना चालवणाऱ्या भारतीय कंपनीची निम्म्याहून थोडी अधिक मालकी अमेरिकेच्या युनियन कार्बाइडकडे होती. कारखान्याच्या आराखड्यात आणि सुरक्षेत तिचा हात किती, हाच खरा वाद होता. म्हणून तर कंपनीने अमेरिकी नियमांप्रमाणे कागद उघड करावेत, अशी अट कीनन यांनी घातली. जानेवारी १९८७ मध्ये अपिली कोर्टाने ती एकतर्फी ठरवून काढून टाकली. माझ्या मते पीडितांचे सर्वांत मोठे नुकसान त्या दिवशी झाले. दावा इकडे आला, पण त्याला लागणारे बळ समुद्रापलीकडेच राहिले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. भोपाळच्या जिल्हा न्यायाधीशांनी डिसेंबर १९८७ मध्ये ३५० कोटींची अंतरिम मदत देण्याचा हुकूम केला, उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. सरकारची मागणी तीन अब्ज डॉलरांहून अधिक होती. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. भरपाई वाढवून मागणारी सरकारची याचिका मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

भरपाईच्या त्या दाव्यात जबाबदार कोण, याची साक्षीपुराव्यांसह पूर्ण सुनावणी न्यूयॉर्कमध्ये झाली नाही, भोपाळमध्येही झाली नाही.