पंक्तिप्रपंच कशाला म्हणावें?

मराठी भाषेंत ‘पंक्तिप्रपंच’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एकाच पंगतीस बसलेल्यांपैकीं एकाच्या पानावर तुपाची धार धरावी आणि शेजाऱ्याकडे न पाहतां पुढें जावें, या वर्तनास आपल्या लोकांनीं हें नांव देऊन त्याची दोषांत गणना केली. बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर अशा ठिकाणीं सर्व मुलांच्या ताटांत एकच खाऊ सारखा पडावा असा जो आग्रह असतो, त्याच्या मुळाशीं हीच न्यायबुद्धि आहे. परंतु सर्वांना पोसणारें अन्नच एखाद्या बालकास अपायकारक असेल, तर त्याला निराळें वाढणें हा पंक्तिप्रपंच ठरेल काय? प्रश्न लहान दिसतो. पण समतेचा अर्थ काय, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटांत आहे.

ही सारी लाडावलेल्या मुलांची आवडनिवड आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती टिकण्यासारखी नाहीं. ज्याला शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी आहे, त्या मुलाच्या प्राणावर खिचडींतील थोड्याशा कुटानेंहि बेतूं शकतें. सीलिअ‍ॅक नांवाच्या विकारांत गहूं व जव यांतील ग्लुटेन हें प्रथिन आंतड्याच्या अस्तराची हानि करतें, आणि मूल खात असूनहि खंगत जातें. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञास गव्हाचा संशय पूर्वींपासूनच होता. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत हॉलंडांत अन्नाचा दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, तेव्हां त्या संशयास बळकटी आली, आणि १९५० सालीं आपल्या प्रबंधांत त्यानें तो सप्रमाण मांडला. आपली ज्वारीची भाकरी अशा मुलास चालते. परंतु ज्या गिरणींत नुकताच गहूं दळला, तींतून निघालेलें ज्वारीचें पीठ चालत नाहीं, आणि बाजारांतील हिंगाच्या पुडींतहि पुष्कळदां गव्हाचें पीठ असतें.

नीतिशास्त्रांत मध्यमाचा विचार करतांना अ‍ॅरिस्टॉटलनें आहाराचाच दाखला घेतला आहे. दहा मापें अन्न फार आणि दोन मापें थोडें, म्हणून सर्वांस सहा मापें द्यावीं, असें कोणी जाणता तालीममास्तर म्हणत नाहीं. तेवढें अन्न मिलो या पहिलवानास थोडें आणि नवशिक्यास फार होईल. गणिताचा मध्य संख्येवरून निघतो. माणसाचा मध्य माणसाकडे पाहून ठरवावा लागतो. सारखेपणा हें समतेचें एक साधन आहे, तीच समता नव्हे. पंक्तिप्रपंचाचा दोष पदार्थांच्या भेदापेक्षां मानाच्या भेदांत होता, असें आम्ही समजतों.

येथें दुसरीच चूक संभवते. वेगळें अन्न देण्याच्या निमित्तानें मुलाला वेगळें बसविण्यांत येतें: कोपऱ्यांत एक पाट, एक निराळा डबा, आणि इतरांस ‘त्याला शिवूं नका’ अशी ताकीद. हेतु रक्षणाचाच असतो. पण ज्या देशांत वेगळ्या पंगतीनें पिढ्यान्‌पिढ्या माणसांचा अपमान केला, तेथें हा उपाय किती जपून योजावा, हें सांगावयास नको. चार वर्षांच्या मुलास विकाराचें नांव समजत नाहीं. आपल्याला दूर बसविलें, हें मात्र समजतें.

मग एकासाठीं तीस जणांनीं शेंगदाणा सोडावा काय? हा आक्षेप झिडकारण्यासारखा नाहीं. शेंगदाणा हें गरिबाच्या घरचें स्वस्त प्रथिन आहे, आणि १९७५ सालीं एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती अशाच घरांतील मुलांच्या पोषणासाठीं. तेथें दाण्याचा लाडू नुसता बंद करणें म्हणजे एकाला राखून इतरांस उणें करणें होय. आमच्या मतें क्रम असा असावा. आधीं सर्वांना चालेल आणि सर्वांना पोसेल असा पदार्थ शोधावा. वैद्याची संमति असल्यास दाण्याच्या लाडवाऐवजीं डाळ्यांचा लाडू सर्वांनाच देतां येतो. तें साधत नसेल तेथें ताट निराळें, पण पंगत एकच, आणि शेजारीं मोठ्या माणसाची नजर. धोका अन्यथा टळतच नसेल, तरच जागा निराळी; आणि त्या वेळींहि दोघां-तिघां सोबत्यांनीं तेंच निर्धोक अन्न घेऊन त्या मुलापाशीं बसावें.

या सर्वांचा भार कोणी वाहावा? मुलानें खचित नव्हे. ‘हें मला चालत नाहीं’ एवढें बोलण्यास त्याला अवश्य शिकवावें. पण त्याच्या स्मरणशक्तीवर त्याचा जीव टांगून ठेवूं नये. आईबापांनीं वैद्याचा लेखी सल्ला आणून द्यावा, स्वैंपाकिणीनें पळी व पातेलें निराळें राखावें, वाढदिवसाची चिक्की ताईंना विचारल्यावांचून कोणी वाटूं नये, आणि संकटसमयीं कोणतें औषध कोणी द्यावयाचें, हें आधींच ठरलेलें असावें. तरी एक सेविका व एक मदतनीस यांच्या हातीं तीस मुलें सोंपवून हें सारें त्यांच्या चांगुलपणावर सोडणें हाहि अन्यायच. त्यांस योग्य शिक्षण व पुरेसें मनुष्यबळ देणें हें संस्था चालविणाऱ्यांचें कर्तव्य आहे.

चांगला वाढपी प्रत्येक पानावर डोळे मिटून पळी रिकामी करीत जात नाहीं. बसणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून वाढतो, आणि कोणालाहि वगळून पुढें जात नाहीं. आमच्या बालसंस्थांस एवढें साधलें, तर ताटें निराळीं असूनहि पंक्तिप्रपंचाचा दोष त्यांस लागणार नाहीं.