गंज आणि व्रण

१९४७ साली अमेरिकेत शेव्हरोलेने ‘ॲडव्हान्स डिझाइन’ मालिकेतील पिकअप ट्रक बाजारात आणले. आज त्यांचा जीर्णोद्धार करणाऱ्यांपुढे एक प्रश्न उभा राहतो : नवे करणे म्हणजे सर्व खुणा पुसणे काय? गंजलेला पत्रा कापावाच लागतो; कारण गंज पोखरतच राहतो. परंतु ओझी वाहताना हौद्याला पडलेला पोचा कित्येक कारागीर मुद्दाम तसाच ठेवतात. पोचा पोखरत नाही; तो केलेल्या सेवेची साक्ष देतो.

पाप हा गंज आहे; पश्चात्तापाने व देवाच्या कृपेनेच तो निघतो. व्रण मात्र निराळे. पुनरुत्थित प्रभूच्या हातांवर खिळ्यांचे व्रण होतेच. ते दाखवूनच त्याने थोमाला विश्वासाकडे आणले. मग क्षमा पावलेल्या आपण आपले व्रण का लपवावेत?