परसबागेंतील यशाचें माप

मृगांत लावलेला भोपळ्याचा वेल श्रावणांत मांडवावर पसरला आणि त्याला फळ धरलें, कीं गृहस्थ आपल्या हाताचा गुण वाखाणूं लागतो. भेंडीचीं पानें पिवळीं पडलीं, वांग्यांत कीड निघाली, म्हणजे मात्र तोच गृहस्थ दैवाला बोल लावितो. यशाला एक माप आणि अपयशाला दुसरें, हा न्याय कोणता?

सृष्टीचा हिशेब निराळा आहे. लाल भोपळ्याच्या वेलावर नरफुलें व मादीफुलें वेगवेगळीं येतात; तीं पहांटे उमलतात व दुपारपर्यंत मिटतात. तेवढ्या अवधींत मधमाशी आली तर फळ धरतें. न आली तर फुलाखालचा कोवळा गोळा पिवळा पडून गळतो. भेंडीचा केवडा रोग पसरविते तीही एक पांढरी माशीच. हातानें पराग लावणारा चतुर माळीसुद्धां अवकाळीं कोसळणारा पाऊस अडवूं शकत नाहीं.

मग श्रम व्यर्थ काय, असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. आळें केलें नसतें, पाणी घातलें नसतें, तर मधमाशी येऊन तरी काय उपयोग? श्रमांवांचून फळ नाहीं. परंतु केवळ श्रमांनींही फळ नाहीं.

हें ज्याला उमगलें, तो पहिला भोपळा शेजारीं धाडतांना त्याला दान म्हणणार नाहीं. उलट, वेल जळालेल्या शेजाऱ्याला जो आळशी ठरवितो, तो उद्यां दरिद्री माणसालाही त्याच खोट्या मापानें मोजील.