कारण, निमित्त आणि दोष



स्मरणिकेसाठी "आरोग्यावर काहीतरी लिहा" असा संपादकांचा निरोप आला, तेव्हा नेहमीप्रमाणे मधुमेहावर किंवा व्हिटॅमिन डी वर एक लेख पाठवून मोकळे व्हावे, असा माझा विचार होता. पण गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवातला एक प्रसंग मनातून जात नव्हता. त्यामुळे हा लेख औषधांविषयी कमी आणि एका प्रश्नाविषयी जास्त आहे. आजारी माणसाला "असं कशामुळे झालं?" असे आपण विचारतो, तेव्हा नेमके काय विचारत असतो?

आदल्या दिवशी माझा हरतालिकेचा उपास होता. रात्री उशिरापर्यंत देवळाच्या स्वयंपाकघरात मोदकांच्या सारणाची तयारी, पहाटे पुन्हा हजेरी, आणि नैवेद्य होईपर्यंत पोटात फक्त चहा. आरती सुरू झाली. ढोल, ताशा, झांजा, धुपाचा वास आणि वरून हॉलचे पांढरेफटक दिवे. दुसऱ्या आरतीलाच डाव्या डोळ्यामागे ओळखीचा ठोका सुरू झाला. मी बाहेर येऊन चपला ठेवायच्या खोलीत, कोपऱ्यात जमिनीवर, डोळ्यांवर पदर घेऊन बसले. पुढच्या पंधरा मिनिटांत चारजणी येऊन गेल्या. चौघीही प्रेमाने आल्या होत्या, आणि प्रत्येकीकडे एक कारण होते. "झेपत नाही तर उपास कशाला गं करायचा?" "फार टेन्शन घेतेस तू." "पित्त आहे, दुसरं काही नाही." "फोन बघणं कमी करा डॉक्टर, तुम्हीच आम्हाला सांगता ना?"

त्यांतले एकही कारण अगदी चूक नव्हते. तरीही त्या कोपऱ्यात मला वाटले, की मी आजारी नाही, आरोपी आहे.

हा आजार आपल्याला नवा नाही. आयुर्वेदात त्याला अर्धावभेदक म्हणतात, अर्धे डोके भेदणारा. सूर्याबरोबर चढणाऱ्या डोकेदुखीला सूर्यावर्त असे वेगळे नाव आहे. घरात आपण अर्धशिशी म्हणतो. आमच्या कऱ्हाडच्या घरात ती माझ्या आईला होती. माजघरातल्या अंधारात कपाळाला सुंठीचा लेप लावून, वर घट्ट फडके बांधून आई पडलेली असायची, आणि बाहेर आजी म्हणायची, "पाहुणे आले की हिची अर्धशिशी बरी येते!"

आजीचे निरीक्षण खरे होते. पाहुणे आले की आईला अर्धशिशी व्हायचीच. पण पाहुणे येणार म्हणजे आई पहाटे चारला उठणार, सगळ्यांची पंगत उठेपर्यंत पाण्याशिवाय काही घेणार नाही, आणि रात्री भांडी घासून बाराला आडवी होणार. झोप मोडणे आणि वेळेवर न जेवणे ही मायग्रेनची जगभर मान्य असलेली निमित्ते आहेत. आजीने निमित्त बरोबर ओळखले आणि निवाडा चुकीचा दिला.

आजीला दोष देऊन मला सुटता येणार नाही. 1993 साली मी मिरजेला इंटर्नशिप करत होते. आईला तिथे आणून सगळ्या तपासण्या केल्या. रिपोर्ट नॉर्मल आले, तेव्हा मी मोठ्या ऐटीत म्हटले, "आई, तुला काहीही झालेलं नाही. तू मनाला लावून घेतेस." आई काही बोलली नाही. पुन्हा तिने माझ्याजवळ डोकेदुखीचे नाव काढले नाही. मला वाटले, गुण आला.

एकेचाळिसाव्या वर्षी, इथे ओहायोत, तेच दुखणे माझ्या डोक्यात उतरले. मायग्रेन पुष्कळदा घराण्यातून येतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये साधारण तिपटीने जास्त आढळतो. मी शहाण्या डॉक्टरसारखी वही घातली. झोप किती, जेवण कधी, चहा किती, पाळी, हवामान, चीज, चॉकलेट, अत्तराचे वास. तीन महिन्यांनी वही उघडली तर जवळजवळ प्रत्येक गोष्टीपुढे खूण होती. म्हणून मी एकेक गोष्ट सोडत गेले. चॉकलेट सोडले, लोणचे सोडले, मुलीच्या शाळेतले कार्यक्रम सोडले, सिनेमा सोडला. डोके दुखायचे ते दुखतच राहिले. वहीचे मात्र आरोपपत्र झाले. अटॅक आला की नवरा काळजीने विचारायचा, "आज काय खाल्लं होतंस?" आणि मी गुन्हा कबूल करावा तशी यादी म्हणायचे.

इथे वैद्यकशास्त्रातली एक गंमत सांगायला हवी. मायग्रेनचा अटॅक डोके दुखू लागण्याच्या काही तास, कधी आदल्या दिवशीच, मेंदूत सुरू झालेला असतो. त्या काळात जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, आणि काहींना गोड खाण्याची अनावर इच्छा होते. म्हणजे चॉकलेट खाल्ले म्हणून डोके दुखले असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा डोके दुखायला लागणारच होते म्हणून चॉकलेट खाल्लेले असते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि शिक्षा कावळ्याला होते.

शिवाय एक निमित्त एकट्याने क्वचितच पुरते. एरवी रात्रीचे जागरण मी सहज सोसते. जागरण, उपास, पाळीच्या आधी उतरणारे इस्ट्रोजेन आणि वर पावसाळी हवा, असे सगळे साचले की एका उदबत्तीनेही काम होते. आपल्याकडे पापाचा घडा भरला असे म्हणतात. मायग्रेनचाही घडा असतो, फक्त त्यात पाप नसते. शेवटी पडलेला थेंब आपल्याला दिसतो, म्हणून आपण त्यालाच धरतो. घडा जन्मतःच किती लहान मिळाला, हे कुणी बघत नाही.

न्यायशास्त्रात कारणांचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत निमित्त कारण वेगळे धरले आहे. मडक्याचे समवायी कारण माती, तर कुंभार, चाक, दांडा ही निमित्ते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्मामागे पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. कर्ता त्या पाचांतला फक्त एक. आजारी माणसाच्या बाबतीत आपण उरलेली चार विसरतो आणि सगळा भार कर्त्यावर टाकतो. नाहीतर उलटे टोक गाठतो आणि "मागच्या जन्मीचे भोग" म्हणून सगळे दैवावर सोडतो. पहिल्याने अपराधीपणा येतो, दुसऱ्याने आळस. दोन्हींत त्या माणसाला कुणी पाणी आणून देत नाही.

मग निमित्ते शोधूच नयेत का? जरूर शोधावीत. मी आजही वही लिहिते, पण तिच्यातून दोनच नियम ठेवले आहेत: सुट्टीच्या दिवशीही ठरल्या वेळी उठायचे, आणि जेवण चुकवायचे नाही. गेल्या वर्षी हरतालिकेला मी दुसरा नियम मोडला, हे मान्य. पण नियम मोडला म्हणणे वेगळे आणि दुखणे ओढवून घेतले म्हणणे वेगळे. पहिल्यात उद्यासाठी काही करता येते. दुसऱ्यात फक्त मान खाली घालता येते. आणि उपासाचे म्हणाल, तर आजाऱ्याला व्रतात सवलत आहे आणि औषधाने व्रत मोडत नाही, असे आपले धर्मशास्त्रच सांगते. आपण शास्त्रापेक्षा कडक झालो आहोत.

आता औषधांकडे वळते, कारण तिथे हाच प्रश्न दुसऱ्या रूपात भेटला. अटॅक महिन्याला आठ-नऊ होऊ लागले, तेव्हा माझ्या न्यूरॉलॉजिस्टने टोपिरामेट सुरू केले. औषध चांगले आहे, अनेकांना उपयोगी पडते. माझे अटॅक तीनवर आले. पण बोटांना मुंग्या येऊ लागल्या, सोडा बेचव लागू लागला, वजन उतरले. देवळात सगळ्या विचारायच्या, "कुठलं डाएट गं?" आणि मग शब्द जाऊ लागले. पेशंटसमोर बसून "पित्ताशय" हा शब्द कुठल्याच भाषेत आठवेना. फोनवर आईला भाजी सांगताना म्हणाले, "अगं ते हिरवं, वर चिरून घालतो ते..." पलीकडून आई हळूच म्हणाली, "कोथिंबीर."

डॉक्टर म्हणाले, "पण आकडे उत्तम आहेत." त्यांचे बरोबर होते. ते दुखण्याचे दिवस मोजत होते आणि मी हरवलेले शब्द मोजत होते. कुठल्या तागडीत काय टाकायचे, हे कोणी ठरवायचे? वीस वर्षे मी स्वतः पेशंटांना म्हणत आले होते, "थोडा त्रास होईल, सहन करा." थोडा म्हणजे किती, हे मी कधी विचारले नव्हते. त्या वर्षापासून प्रत्येक नव्या औषधाबरोबर मी एक प्रश्न जोडते: "काय गेलेलं तुम्हाला चालणार नाही?" कुणी सांगतो झोप, कुणी गाडी चालवणे. एका गायकाने सांगितले, आवाज कोरडा पडलेला चालणार नाही. औषध मग त्याप्रमाणे निवडता येते.

माझ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मी टोपिरामेट हळूहळू बंद केले. अमिट्रिप्टिलिनने दिवसभर गुंगी यायची आणि तोंडाला कोरड पडायची. दम्यामुळे प्रोप्रॅनोलॉल मला चालण्यासारखे नव्हते. 2018 साली मायग्रेनसाठीच बनवलेली पहिली प्रतिबंधक इंजेक्शने अमेरिकेत मंजूर झाली. मेंदूच्या वेष्टनातल्या नसांकडून सुटणाऱ्या सीजीआरपी नावाच्या द्रव्याला ती अडवतात. ज्या चार शास्त्रज्ञांनी या संशोधनाचा पाया घातला, त्यांना 2021 चे ब्रेन प्राइझ मिळाले. महिन्याला एक इंजेक्शन मला लागू पडले. त्याने बद्धकोष्ठ होते, पण रोज रात्रीचा इसबगोल माझ्या तागडीत हलका आहे.

डॉक्टर म्हणून दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय राहवत नाही. भारतातून येताना आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा हिशेब ठेवा. साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस, किंवा ट्रिप्टान वा मिश्र गोळ्या दहा दिवस, असे महिनोन्‌महिने घेत राहिलात तर गोळ्यांमुळेच डोके दुखू लागते. घरातल्या तरुण मुलींना टोपिरामेट किंवा व्हॅल्प्रोएट चालू असेल तर गर्भाला असलेल्या धोक्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोला. आणि एकाएकी उठलेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी, ताप किंवा मान ताठ होणे, हातापायातली शक्ती जाणे, अशा वेळी सरळ इमर्जन्सी गाठा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेल्या डोकेदुखीलाही जुनी अर्धशिशी समजून घरी बसू नका.

इंजेक्शन लागू पडले त्या वर्षी मी कऱ्हाडला गेले होते. आईला म्हटले, "आई, तुझं दुखणं खरं होतं. मी तुला चुकीचं सांगितलं." आई शेंगा सोलत होती. ती म्हणाली, "तुझ्या आजीच्या बोलण्याचं मला कधी काही वाटलं नाही. त्यांना कुठे काय माहीत होतं? पण तू डॉक्टर होतीस गं." आणि शेंगा सोलत राहिली. त्या वाक्यावर औषध नाही. असू नये, असेही मला वाटते.

डोके बदलून मिळालेला आपल्याकडे एकच देव आहे. बाकीच्यांना मिळालेल्या डोक्यासकटच निभवायचे असते. या वर्षी कमिटीला विनंती करून चपलांच्या खोलीशेजारची छोटी खोली उत्सवाच्या दिवसांत अंधारी आणि शांत ठेवायचे ठरवले आहे. तिथे कुणी पडलेले दिसले, तर कारण विचारू नका. ते उद्या विचारता येईल. "पाणी आणू का?" एवढेच विचारा, दिवा बंद करा आणि दार हळू ओढून घ्या.

गणपती बाप्पा मोरया.